तुझ्या व्याकरणातला बकराचोर

आई, तुझ्या व्याकरणातला बकराचोर मला भेटला. तू गेल्याला आता इतकी वर्षं झाली, की तुला काही सांगायचं तर कुठून सुरुवात करावी हाच प्रश्न पडतो, म्हणून जे घडलं तेच आधी सांगून टाकते. तो आता म्हातारा झालाय. मिशिगनमध्ये, ट्रॉयला, मुलीच्या घरी राहतो. डोक्यावर हिरव्या पट्टीची गोल टोपी आणि अंगात इथलं फुगीर जाकीट, अशा थाटात दुपारी फिरायला निघतो. माझं घर तिथून अगदी जवळ आहे. गेली काही वर्षं आम्ही बहुधा एकाच इंडियन ग्रोसरीतून कणीक आणत असू आणि एकमेकांच्या ट्रॉलीला वाट करून देत असू. पण तो कोण हे मला माहीत नव्हतं आणि मी कोण हे त्याला.

तुझ्या पुस्तकाबद्दल जरा स्पष्टच बोलते, आता तू रागावायला नाहीस. आपल्या घरात ते कुणीही वाचलेलं नव्हतं. हिमाचलात, तिबेटच्या अंगाला, एका अरुंद दरीत बोलली जाणारी भाषा. पलीकडच्या दरीतल्या माणसालाही ती धड कळत नाही आणि तिला स्वतःची लिपी नाही. कॉलेजच्या परीक्षा संपल्या की तू तिकडे जायचीस आणि आमची शाळा सुरू होऊन वह्यांना कव्हरं घालून झाली की परत यायचीस. पाहुणे विचारायचे, "कसली बोली शिकता म्हणे तुम्ही?" आणि तू न चुकता सांगायचीस, "बोली नाही, भाषा." पुस्तक तू इंग्रजीत लिहिलंस, कारण वाचणारा असलाच तर तो जर्मनीत नाहीतर जपानात असेल अशी तुझी अटकळ होती. बाबांनी ते शोकेसमध्ये, लाकडी हत्तीच्या शेजारी ठेवलं. येणारा-जाणारा ते हातात घ्यायचा, वजनाचा अंदाज घ्यायचा, "बापरे" म्हणायचा आणि परत ठेवायचा. तू चहा टाकायला आत गेलेली असायचीस.

तुझी खरी जागा स्वयंपाकघर होती, हे मात्र मला लख्ख आठवतं. ओट्यावर एका बाजूला कणकेची परात आणि दुसऱ्या बाजूला कार्डांनी भरलेले पोह्याचे डबे. एका कार्डावर एकच वाक्य. वर त्या भाषेत, खाली एकेका शब्दाचा अर्थ, कोपऱ्यात कोण बोललं आणि कधी. तू पोळी लाटता लाटता क्रियापदं पुटपुटते आहेस आणि मी ओट्याला टेकून ऐकते आहे. तिथे क्रियापदाच्या शेपटीवरून कळतं म्हणे, की बोलणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिली आहे की नुसती कानावर आली आहे. दोघांसाठी वेगळं रूप, पुष्कळांसाठी वेगळं. मोजणी विसाच्या हिशोबाने. एकदा तू पोळी तव्यावर तशीच टाकून बाबांकडे धावत गेलीस, कारण त्या भाषेतही आपल्यासारखंच 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं असल्याचं तुझ्या ध्यानात आलं होतं. इंग्रजांना तो फरक समजावताना पुस्तकाची पानं खर्ची पडतील आणि मराठी माणसाला एका वाक्यात कळेल, याचा तुला केवढा आनंद. पोळी करपली. बाबांनी ती मुकाट्याने खाल्ली.

तू रागावलेली मला फारशी आठवत नाहीस, पण एक प्रसंग पक्का आहे. मी सातवी-आठवीत असेन. माझं अक्षर चांगलं म्हणून तू मला जुनी, मळलेली कार्डं नव्याने उतरवायला बसवलंस. त्यात एक शिवी होती. इंग्रजी अर्थ वाचून मला लाज वाटली आणि मी ते कार्ड सोडून दिलं. संध्याकाळी तुझ्या लक्षात आलं. तू आवाज चढवला नाहीस, पण समोर बसून म्हणालीस, "तुला संपादक कुणी केलं? माणूस जे बोलला ते लिहायचं. चांगलं बोलला तर चांगलं, घाण बोलला तर घाण. आपण मध्ये हात घालायचा नाही. एकदा हात घातला की ती त्यांची भाषा राहत नाही, आपली होते." मग ते कार्ड माझ्याकडूनच उतरवून घेतलंस. मला तेव्हा वाटलं होतं, ही बाई माणसांपेक्षा वाक्यांना जास्त जपते. हे मत मी बराच काळ बाळगून होते.

आता त्या बकऱ्याचं. शाळेत आपल्याला शिकवतात, रामाने आंबा खाल्ला. बिचाऱ्या रामाचं त्यात काही बिघडत नाही. तू मात्र वाक्यं मनाने रचायची नाहीत या मताची. तू ज्यांच्या घरात खोली घेतली होतीस त्या मालकीणबाई चुलीशी बसून जे बोलत, त्यातूनच तुझी उदाहरणं आली. आणि त्या बोलत कशाबद्दल? गावाबद्दल. कुणाची सून माहेरी पळाली, कोण दारू पिऊन ओढ्यात पडला, कोण कुणाचं पाणी अडवतो. सगळं नावानिशी. तू ते नावानिशीच छापलंस. त्यात एका पोराने बकरा चोरल्याचं वाक्य तुला फार सोयीचं पडलं असावं, कारण ते पुस्तकभर पसरलं आहे. अमक्याने बकरा चोरला. अमका बकरा चोरतो आहे. अमका बकरा चोरील. अमक्याने बकरा चोरला म्हणे. अमक्याने बकरा चोरला नसता तर. दुसरा कुणी पुस्तकात इतक्या वेळा चोर ठरला नसेल. तुला वाटलं असेल, दरीत इंग्रजी कोण वाचतंय.

वाचणारे निघाले, आई. जर्मनीत नाही, मिशिगनमध्ये. त्या दरीतली मोजकी घरं गेल्या काही वर्षांत डेट्रॉइटच्या आसपास येऊन राहिली आहेत. त्यांच्यातली एक बाई इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. लहानपणीच शिमल्याच्या बोर्डिंगात गेली, त्यामुळे तिची भाषा लहान मुलीचीच राहिली, असं ती स्वतःच सांगते. तरी तिने रविवारी मुलांसाठी वर्ग सुरू केला. शिकवायचं कशावरून? त्या भाषेबद्दल छापलेलं एकच पुस्तक जगात आहे, आणि मुलांना इंग्रजी येतं. तुझ्या पुस्तकाला याहून योग्य वाचक मिळाला नसता. फक्त ते आठ-नऊ वर्षांचे आहेत आणि मध्येच त्यांना ज्यूस लागतो. या बाईंनी तुझ्या वारसाचा शोध घ्यायला पुण्याला, तुझ्या कॉलेजात लिहिलं. तिथून तुझ्या कुणा जुन्या सहकाऱ्याने माझा नंबर दिला आणि तो निघाला तिच्याच एरिया कोडचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने फोन केला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. "दीदी, आप उन मॅडम की बेटी हैं? जो चाय में नमक देखकर रोने लगती थीं?" ओळख पटवायला एवढं पुरे होतं.

आम्ही लायब्ररीच्या लहानशा मीटिंग रूममध्ये भेटलो. तिच्याकडे तुझ्या पुस्तकाची झेरॉक्स होती, पानापानावर मार्करने रंगवलेली. तिने अडचण सांगितली. मुलांनी बकऱ्याचं वाक्य पाठ केलं, कारण ते सोपं आहे आणि मजेशीर आहे. वर्गात एक नऊ वर्षांची मुलगी आहे. तिने घरी जाऊन जेवणाच्या टेबलावर ते नावासकट म्हणून दाखवलं, आणि मग तिच्याच लक्षात आलं की हे नाव आपल्या नानांचं, आईच्या वडिलांचं आहे. तिने इंग्रजीत विचारलं, "नाना, वर यू इन जेल?" जावई पंजाबी, त्याला भाषा कळत नाही, त्याला अर्थ सांगितला तेव्हा तो हसला, आणि ते हसणं चुकीच्या वेळी झालं. त्या दिवसापासून म्हातारबाबा वर्गाला येत नाहीत. नातीलाही पाठवत नाहीत. इतकंच नाही, घरात तिच्याशी ती भाषा बोलणंच बंद केलंय, तोडक्यामोडक्या हिंदीत बोलतात. "आणि दीदी, आमच्यात पूर्ण भाषा येणारे ते एकटेच आहेत," ती म्हणाली. "मोठ्यांशी कसं बोलायचं, लग्नाघरी काय म्हणायचं, गाऱ्हाणं कसं सांगायचं, हे मला येत नाही. ते आले नाहीत तर मी मुलांना 'पाणी दे' आणि 'झोप आता' एवढंच शिकवू शकते."

तिला मुलांसाठी तुझ्या पुस्तकातून एक लहान वाचनमाला करायची होती. त्यातून नावं काढायची परवानगी ती मागत होती. मी म्हटलं, विचार करून सांगते. ती जरा खट्टू झाली. तिला वाटलं असेल, यात विचार कसला.

माझ्या लेकीलाही तसंच वाटलं. ती शनिवारी कॉलेजमधून घरी आली होती. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "मॉम, जस्ट चेंज द नेम. फाइंड अँड रिप्लेस. व्हॉट्स द बिग डील?"

"अगं, आज्जीचं काम आहे ते. तिने एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं."

"बट आज्जी इज डेड. ते काका जिवंत आहेत ना?" मग फ्रीज उघडून म्हणाली, "आम्ही पिझ्झा ऑर्डर करायचा का?"

"आपण," मी म्हटलं.

"व्हॉटेव्हर. आपण."

दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. तुझी बाजू मला चांगली मांडता येते. आज एक नाव काढलं, उद्या दारुड्याचं वाक्य जाईल, परवा सुनेचं, आणि शेवटी उरेल ते स्वच्छ, सोज्वळ, सरकारी पाठ्यपुस्तक, ज्यात सगळे सकाळी लवकर उठतात. माणसं खरं बोलतात ते भांडताना आणि कुचाळक्या करताना, हे तुझंच वाक्य. हे सगळं मला पटतं. माझं म्हणणं इतकंच होतं, की वाक्य बोललं गेलं तेव्हा चुलीशी होतं, आणि आता ते एका मुलीच्या ताटात पडलंय. त्याचं काय करायचं हे तुझ्या नियमात कुठे बसत नाही. शेवटी मी ठरवलं, ज्याचं नाव आहे त्यालाच विचारावं.

नर्सबाईंबरोबर मी म्हातारबाबांच्या घरी गेले ती रविवारची दुपार. मुलगी-जावई कॉस्कोला सामान आणायला गेले होते. घरात म्हातारबाबा आणि नात. मी सवयीने त्यांना काका म्हटलं आणि त्यांनी ते चालवून घेतलं. मला बसवलं आणि किचनमध्ये गेले. मिक्सर चालू झाल्याचा आवाज आला. लोणी आणि मीठ घालून मिक्सरमध्ये फिरवलेला चहा घेऊन ते आले आणि माझ्यासमोर ठेवून बघत बसले. मी प्यायले. चांगला होता, आई. चहा म्हणून नको, कढण म्हणून प्यायचा. ते म्हणाले, "आपकी मम्मी से तो नहीं पिया जाता था." पुढचं सगळं बोलणं हिंदीतच झालं, तुझ्यासाठी मराठीत लिहिते.

मी माफी मागायला सुरुवात केली. माझ्या आईने तुमचं नाव छापायला नको होतं, वगैरे. त्यांनी हाताने थांबवलं. "बकरा मी चोरला होता," ते म्हणाले. "खोटं काहीच नाही." बकरा त्या मालकीणबाईंचाच, आणि मालकीणबाई म्हणजे त्यांची सख्खी चाची. सणाला पोरांनी मिळून खाल्ला, हाडं ओढ्यात टाकली. चाचीला कळलं तेव्हा तिने मारलं नाही, ओरडली नाही. त्याच महिन्यात तू वाक्यं मागत दारात आलीस, आणि तिला सूड घ्यायला एक नामी साधन मिळालं. "रोज सकाळी मी लाकडं घेऊन तिच्या दारावरून जायचो," काका सांगत होते, "आणि आतून आवाज यायचा, त्याने बकरा चोरला. तुमची आई विचारायची, उद्या चोरणार असेल तर कसं म्हणाल? चाची मोठ्याने म्हणायची, तो उद्या बकरा चोरील! तुमची आई लिहायची. बाहेर बायका पोट धरून हसायच्या. मीही हसायचो. सगळ्या गावाचा महिना त्यात गेला."

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मग तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. "तिथे ते वाक्य म्हटलं की चाची दिसायची," ते म्हणाले. "इथे कोण दिसतंय? ही मुलगी चाचीला ओळखत नाही, बकरा काय चीज असते ते हिला ठाऊक नाही. मांस हिला प्लास्टिकमधलं माहीत. हिला एवढंच कळलं की नाना चोर. वाक्य एकटंच आलंय इथे. बाकी सगळे तिकडेच राहिले." त्यांचा आवाज वर गेला नव्हता, पण त्यांच्या नजरेला नजर देणं मला जड गेलं. आयुष्याच्या शेवटी नातीसमोर मान खाली घालायची वेळ आली होती, आणि ती तुझ्या प्रामाणिकपणामुळे आली होती. मी तुझी एकुलती एक वारस, मी म्हटलं, "काका, नाव काढते. त्याला आता कुणाच्या परवानगीची गरज नाही."

त्यांनी होकाराची मान हलवली. आभार मानले नाहीत. मग म्हणाले, "त्या बाईने कुणालाच सोडलं नाही, खरं. स्वतःलाही नाही." मला वाटलं, उगाच समजूत घालताहेत. पण त्यांनी नातीला हाक मारली. ती सोफ्याच्या मागे आयपॅड घेऊन बसली होती, अर्थातच सगळं ऐकत. तिला झेरॉक्स दिली आणि म्हणाले, ते चिठ्ठीवालं वाक्य काढ. नर्सबाईंनी पान शोधून दिलं. मला ते पान माहीत होतं. नकाराचं प्रकरण, तिथे एक वाक्य सगळ्या काळांत चालवलेलं आहे. मी आदल्या आठवड्यात ते वाचलं होतं आणि पुढे गेले होते, जसं आपण रामाचा आंबा वाचून पुढे जातो.

मुलगी वाचू लागली. इथलीच मुलगी, जीभ सगळी इंग्रजी वळणाची. पहिल्याच शब्दाला काका म्हणाले, "अंहं." तिने पुन्हा म्हटलं. त्यांनी स्वतः म्हणून दाखवलं. तिने तसं म्हणायचा प्रयत्न केला, त्यांनी हाताने तिची हनुवटी जराशी वर केली आणि परत म्हणून दाखवलं. नर्सबाई माझ्याकडे बघत होती. गेले दोन महिने या घरात ते दोघं त्या भाषेत एक शब्द बोलले नव्हते. शेवटी मुलीला सबंध वाक्य जमलं. काकांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, "ये आप हो."

वाक्य असं आहे: हिची मुलगी हिला पत्र लिहीत नाही.

मग त्यांनी सांगितलं. टपाल खालून बसने यायचं, आणि त्या दिवशी तू सगळं काम टाकून पोस्टाच्या खिडकीशी जायचीस. बाबांचं पत्र यायचं. परत आलीस की चाची विचारायची, मुलीचं आलं का? एकदा तू तिला तिच्याच भाषेत, मोडकंतोडकं, सांगितलंस की माझी मुलगी मला पत्र लिहीत नाही. चाचीने ते उचललं. मग जो कुणी दारात येईल त्याला ती तुझ्याकडे बोट दाखवून सांगायची, हिची मुलगी हिला पत्र लिहीत नाही. कुणी म्हणे, लिहील. कुणी म्हणे, गेल्या वर्षीही लिहिलं नव्हतं म्हणे. बकऱ्यासारखंच तेही गावात फिरलं. मी विचारलं, "ती रडायची का?" काका आठवू लागले. "नाही," ते म्हणाले. "कार्ड काढायची."

मी पत्र लिहीत नव्हते हे खरं आहे. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला आईने दोन-दोन महिने टाकून जावं आणि वर तिने सुवाच्य अक्षरात ख्यालीखुशाली कळवावी, ही अपेक्षाच मला जास्तीची वाटते. तुझी पत्रं यायची. मी ती वाचायची आणि गादीखाली सारायची. बाबा म्हणायचे, चार ओळी लिही गं, आणि मी म्हणायचे, गृहपाठ आहे. सुट्टीत कसला गृहपाठ, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मला सलत होतं ते दुसरंच. तू परत यायचीस, खांद्यावरची पिशवी उतरवायचीस, गळ्यातली अक्रोड-जर्दाळूंची माळ काढून माझ्या गळ्यात घालायचीस आणि विचारायचीस, "गणितात किती?" पत्राबद्दल अवाक्षर नाही. एकाही वर्षी नाही. म्हणून मी समजून चालले, की माझं पत्र आलं काय, न आलं काय, तुला काही फरक पडला नव्हता. त्या समजुतीवर मी मोठी झाले, लग्न केलं, इथे आले आणि तुझ्या शेवटच्या आजारात बऱ्याच शांतपणे विमानात बसले.

नर्सबाईने निघताना दबकत विचारलं, "दीदी, ते तुमचं वाक्य पण काढू का?" मी नाही म्हटलं. त्यात नाव नाही, कुणाचं काही बिघडत नाही. तिने ते मान्य केलं. काकांच्या जागी आता 'एका मुलाने' आहे. हे मी तुझ्या नियमाविरुद्ध केलं आहे आणि तुला ते आवडणार नाही, पण मला वाटतं तू फार वेळ भांडली नसतीस. नाव गेल्यावर काका वर्गाला आले, आणि पहिल्याच दिवशी मुलांना तो बकरा मी चोरला होता हे स्वतःच सांगून बसले. चाचीसकट, ओढ्यातल्या हाडांसकट, बाहेर हसणाऱ्या बायकांसकट. सांगायला त्यांना तास पुरला नाही. नात सगळ्यांत पुढे बसली होती आणि दर थोड्या वेळाने मागे वळून इतरांकडे बघत होती, हे माझे नाना आहेत अशा तोऱ्यात. अर्थ कळायला मला नर्सबाईच्या कुजबुजीचा आधार घ्यावा लागला. तुझ्या मुलीला त्या भाषेतलं अजून काहीच येत नाही.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेले होते, मागच्या खुर्चीवर बसायला. मला कुणी बोलावलं नव्हतं. नकाराचा धडा चालू होता. काका म्हणत होते आणि मुलं एका सुरात मागून म्हणत होती: हिची मुलगी हिला पत्र लिहीत नाही. हिच्या मुलीने हिला पत्र लिहिलं नाही. हिची मुलगी हिला पत्र लिहिणार नाही. एकाने मध्येच हात वर करून विचारलं, व्हाय नॉट, टेक्स्ट का नाही करत ती? सगळे हसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य घेतलं. मुलांना नाव माहीत नाही, मालकीणबाई माहीत नाही, पोस्टाची खिडकी माहीत नाही. काकांच्या वाक्यासारखंच हेही इथे एकटं आलं आहे, पण माझी त्याबद्दल तक्रार नाही.

गेलेल्या माणसाला पत्र लिहून काय साधतं, मला ठाऊक नाही. हे मी ऑफिसच्या लॅपटॉपवर, लंच अवरमध्ये, तीन-चार बैठकांत लिहिलं आहे, आणि ते कुठे पाठवायचं नाही, म्हणजे चाचीचं म्हणणं अजून खरंच आहे. एवढं मात्र कबूल करते. त्या दुपारी काकांच्या घरून परत येताना मला रडूबिडू आलं नाही. मला आनंद झाला, आई. माझं पत्र येत नाही हे तू चाचीला सांगितलं होतंस, आणि गावभर होऊ दिलं होतंस.